बारावीचे गुण आणि प्रवेशाचे दोन दरवाजे : एक चिकित्सा (विशेष संदर्भ : वसई-विरार)

प्रस्तावना

वसई रोडच्या पश्चिमेस के. टी. मार्गावर विद्यावर्धिनी संस्थेचे शैक्षणिक आवार आहे. वर्तक महाविद्यालय या नावाने पंचक्रोशीत परिचित असलेले कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे महाविद्यालय याच आवारात आहे आणि १९९४ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच आहे. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेली नालासोपाऱ्याची एखादी विद्यार्थिनी या आवारात दोन ठिकाणी प्रवेश मागू शकते. बी.एस्सी.साठी ती मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करून महाविद्यालयाकडे अर्ज करते आणि गुणवत्ता यादीत तिचा क्रमांक बारावीच्या गुणांवर लागतो. अभियांत्रिकीसाठी तिला राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रक्रियेतून जावे लागते. तेथे बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात : पदार्थविज्ञान, गणित आणि त्यांच्या जोडीचा एक विषय मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गास ४० टक्के. ही रेषा ओलांडली की ८८ टक्के मिळवणारी आणि ४६ टक्के मिळवणारी विद्यार्थिनी एकाच पायरीवर उभ्या राहतात. पुढील निवाडा एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो.

एकाच आवारातील दोन दरवाजांनी एकाच गुणपत्रिकेचे इतके भिन्न अर्थ लावावेत, ही बाब आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा केली आहे. प्रवेश परीक्षा असावी की नसावी, असा येथे वाद नाही. मंडळाच्या गुणांवरील विश्वास डळमळीत झाला तेव्हा ते गुण विश्वासार्ह करण्याऐवजी ते बाजूला ठेवण्याचा मार्ग राज्याने पत्करला आणि त्याची किंमत वसई-विरारसारख्या महानगराच्या कडेवरील विद्यार्थ्यांना व तेथील वर्गांना मोजावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मॅट्रिकपासून मंडळापर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. विद्यापीठाने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये घेतली आणि तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. ही परीक्षा अर्थाने आणि नावानेही प्रवेश परीक्षाच होती. ज्या विद्यापीठात शिकायचे तेच विद्यापीठ प्रश्नपत्रिका काढत असे. पुढे 'मॅट्रिक पास' ही स्वतंत्र योग्यता ठरली. कचेरीतील नोकरीसाठी ती पुरेशी होऊ लागली आणि मॅट्रिक होणारा प्रत्येक जण महाविद्यालयात जाणारा राहिला नाही. त्यामुळे १९४९ मध्ये पुण्यास शालान्त परीक्षा मंडळ स्थापन होऊन ही परीक्षा विद्यापीठाच्या हातून गेली, हे त्या काळास अनुसरूनच झाले. १९६५ च्या अधिनियमाने माध्यमिक शिक्षण मंडळांची आजची चौकट सिद्ध झाली.

या स्थित्यंतरातील एक गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली गेली नाही. शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला देणे हे मंडळाच्या परीक्षेचे काम. लाखो विद्यार्थ्यांना एका रांगेत उभे करून त्यांतील पहिला कोण व दहा हजारावा कोण हे ठरवणे हे वेगळे काम. पहिल्या कामासाठी प्रश्नपत्रिका अशी हवी की प्रामाणिकपणे शिकलेला विद्यार्थी उत्तीर्ण व्हावा. दुसऱ्यासाठी अशी हवी की वरच्या थरातील विद्यार्थ्यांतही अंतर पडावे. मंडळाकडून ही दोन्ही कामे एकाच संख्येने करून घेण्यात आली. विद्यार्थिसंख्या मर्यादित होती तोवर ते निभावले.

संख्येची विश्वासार्हता

दहावीच्या निकालाची अलीकडील आकडेवारी या दृष्टीने बोलकी आहे. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. बारा महिन्यांत अठरा टक्क्यांचा फरक पडावा इतके महाराष्ट्रातील शिक्षण सुधारले असे कोणी म्हणणार नाही. मोजपट्टी बदलली होती, एवढेच. करोनामुळे २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि शाळेतील मूल्यमापन यांच्या आधारे लावलेला निकाल ९९.९५ टक्के होता आणि ९५७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण होते. तो अपवादात्मक प्रसंग म्हणून सोडून दिला, तरी परीक्षा रीतसर झाली त्या २०२५ मध्येही शंभर टक्के गुण मिळवणारे २११ होते. कला व क्रीडा यांच्या वाढीव गुणांची त्यात भर असते हे खरे. पण रांग लावणाऱ्याला ती भर वेगळी काढता येत नाही.

संख्या अशी सैल झाली की तिला आवळण्याचे प्रयत्न सुरू होतात. अकरावीच्या प्रवेशात विविध मंडळांचे गुण एका मापाने मोजण्यासाठी राज्य शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले; उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला. तोही न्यायालयात टिकला नाही. २०१० मध्ये सहापैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण आले. उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी उचलून धरले. २०२१ मध्ये अकरावीसाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा घेण्याचे ठरले आणि परीक्षेच्या तोंडावर, १० ऑगस्ट रोजी, उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. या चारही प्रसंगी वादी-प्रतिवादी, मंत्री आणि पालक तावातावाने बोलत होते ते गुणांच्या रूपांतरणाविषयी. प्रश्नपत्रिका कशी असावी, उत्तरपत्रिका कशी तपासावी, अंतर्गत गुण कोणत्या पुराव्यावर द्यावेत, याविषयी क्वचितच कोणी बोलले. रोग मोजपट्टीला होता आणि उपचार मापलेल्या कापडावर चालले होते.

बारावीबाबत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन व बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरून झाले. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना केंद्रीय अभ्यासक्रमावरील परीक्षा जाचक ठरते ही तक्रार रास्त होती. ती दूर करण्यासाठी २०१६ पासून राज्याची स्वतःची सीईटी पुन्हा आली. पण जेईई जाताना बारावीचा निम्मा वाटाही तिच्याबरोबर गेला. तक्रार परीक्षेच्या स्वरूपाविषयी होती, बारावीच्या वाट्याविषयी नव्हती. हा बदल जितका चर्चिला जावयास हवा होता तितका चर्चिला गेला नाही, असे म्हणावे लागते.

पर्सेंटाइलचे गणित

सीईटी २०१९ पासून संगणकावर अनेक सत्रांत होऊ लागली आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येऊ लागला. हा शब्द वसई-विरारच्या घराघरांत पोहोचला आहे. अर्थ मात्र पोहोचलेला नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण, असे समजणारे पालक प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक महाविद्यालयाच्या खिडकीशी भेटतात. वस्तुतः त्या आकड्याचा अर्थ इतकाच की त्या सत्रातील शंभरांपैकी नव्वद परीक्षार्थी या विद्यार्थ्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या मागे आहेत. त्याने २०० पैकी किती गुण मिळवले, हे त्यावरून कळत नाही. परीक्षार्थी तीन लाख धरले तर ९० पर्सेंटाइल म्हणजे राज्यात सुमारे तीस हजारांच्या आसपासचा क्रमांक. एका पर्सेंटाइलमागे तीन हजार विद्यार्थी उभे असतात. निकाल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिला जातो तो यामुळेच.

हे गणित समजून घेणे अध्यापकांना आवश्यक आहे, कारण गुण आणि क्रमांक यांत स्वभावतःच भेद आहे. गुण विद्यार्थ्याचे स्वतःचे असतात. शेजाऱ्याने अधिक अभ्यास केला म्हणून ते कमी होत नाहीत. क्रमांक नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत असतो. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी रांग जशीच्या तशी राहते. अशा व्यवस्थेत शिकवणीवर होणारा खर्च शर्यतीचा खर्च बनतो : एकाने वाढवला की दुसऱ्याला वाढवणे भाग पडते आणि शेवटी कोणीच पुढे गेलेला नसतो. २०२५ मध्ये सीईटी वर्षातून दोनदा घेऊन त्यांतील चांगला निकाल धरण्याचे जाहीर झाले. एका दिवसाच्या आजारपणाने वर्ष वाया जाऊ नये, या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. रांगेच्या स्वभावात त्याने बदल होत नाही.

सीईटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एकाच परीक्षेत सर्व मंडळांचे विद्यार्थी तोलले जातात, हा तिचा मोठा गुण आहे. अंतर्गत गुणांच्या उदारतेचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे : सुमारे २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. परीक्षा म्हणून सीईटीत वावगे थोडेच आहे. वावगे आहे ते तिला दिलेले एकछत्री राज्य.

वसई-विरारचा विद्यार्थी

वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला. जिल्ह्याने जव्हार-मोखाड्याशी आणि लोकलने चर्चगेटशी बांधलेले असे हे शहर आहे. अकरावीच्या प्रवेशात हे दुहेरीपण स्पष्ट दिसत असे. वसई मुंबई महानगर प्रदेशाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेत होते. त्याच जिल्ह्यातील जव्हारचा विद्यार्थी २०२५ मध्ये ही प्रक्रिया राज्यभर लागू होईपर्यंत तिच्या बाहेर होता.

येथील विद्यार्थीही एका साच्यातला नाही. पश्चिम पट्ट्यातील गावांत घरी कादोडी अथवा वाडवळी बोलणारी मुले आहेत, पूर्वेच्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांतील मुले आहेत आणि नालासोपारा-विरारच्या चाळींत व इमारतींत देशाच्या अनेक भागांतून आलेल्या कामगारांची मुले आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, फार तर सेमी-इंग्रजीत शिकतात आणि अकरावी विज्ञानाला आल्यावर एकदम इंग्रजीला सामोरे जातात. अशा विद्यार्थ्यास अकरावीचे पहिले सहामाही सत्र भाषा सावरण्यात जाते. दोन वर्षांच्या संथ अध्यापनाची खरी गरज असते ती याला. तो नेमका त्या व्यवस्थेत सापडतो जिथे या दोन वर्षांच्या वर्गाला प्रवेशाच्या दृष्टीने ४५ टक्क्यांपलीकडे किंमत उरलेली नाही.

परिणाम सर्वपरिचित आहे. ज्याला परवडते तो नावापुरता एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेऊन दिवसभर शिकवणीत बसतो. ही 'इंटिग्रेटेड' पद्धत रोखण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठा उमटवून घेता येतो. पण जो वर्ग प्रवेशाला उपयोगी नाही असे प्रवेशाचा नियमच सांगतो, त्या वर्गात मन बसवता येत नाही. ज्याला शिकवणी परवडत नाही तो वर्गात येतो, तेव्हा बाके निम्मी रिकामी असतात. त्याच्या शिक्षकांचाही उत्साह मावळलेला असला तर दोष कोणाला द्यावा?

यात केवळ जागेचा प्रश्न गुंतलेला नाही, शुल्काचाही आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अलीकडच्या काळातील हा अत्यंत चांगला निर्णय होय. परंतु ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू आहे. संस्थास्तरावरील वा व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला नाही. म्हणजे पर्सेंटाइल थोडा घसरला तर मुलीचे महाविद्यालय बदलते इतकेच होत नाही. बारावीला ८८ टक्के मिळवूनही तिच्या वडिलांपुढे संपूर्ण शुल्काची रक्कम उभी राहते, आणि अशा वेळी मुलीने काय करावे याचा निर्णय घरात फार लवकर होतो.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांचा धडा

वाणिज्य शाखा या साऱ्यापासून दूर होती. २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी अर्जाची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपली होती. २०२४ चा निकाल २१ मे रोजी लागला आणि परीक्षा २९ मे रोजी झाली. उपनगरांतील व त्यापलीकडील महाविद्यालयांत बीएमएसला येणारा विद्यार्थी सहसा निकाल हाती आल्यावर अभ्यासक्रम निवडत असे. त्याला अशी परीक्षा आहे हे कळेपर्यंत ती होऊन गेली होती. जागांच्या तुलनेत परीक्षार्थी इतके कमी पडले की अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तोच आशय बी.कॉम. व्यवस्थापन अभ्यास अशा नव्या नावाने चालवून सीईटीतून सुटका करून घेतली.

या पळवाटेवर टीका झाली. ती करताना मूळ प्रश्न विचारला गेला नाही : जिथे मागणीपेक्षा जागा अधिक आहेत तिथे रांग लावण्याचे प्रयोजन काय? रांग टंचाईसाठी असते. २०२५ च्या अकरावी प्रवेशात राज्यभर एकवीस लाखांहून अधिक जागा होत्या आणि नोंदणी त्याहून कित्येक लाखांनी कमी होती. टंचाई जागांची नाही, विवक्षित महाविद्यालयांची आहे. ज्याला कट-ऑफ म्हणतात तो तरी काय असतो? शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. विलेपार्ले वा चर्चगेट येथील जुन्या महाविद्यालयांचा कट-ऑफ विरारच्या महाविद्यालयापेक्षा वर असतो, यावरून लोकांना कोठे जायचे आहे हे कळते. कोठे काय शिकवले जाते हे कळत नाही. विरारहून चर्चगेटपर्यंत सुमारे साठ किलोमीटर रोज लोकलला लोंबकळत जाणारा विद्यार्थी या एका आकड्याच्या भरवशावर निघालेला असतो.

इतर राज्यांचा अनुभव

महाराष्ट्राने निवडलेला मार्ग अपरिहार्य नव्हता, हे शेजाऱ्यांकडे पाहिल्यास दिसून येते. कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रमांक बारावीचे निम्मे व सीईटीचे निम्मे गुण धरून लावला जातो. केरळमध्येही दोहोंना समान वाटा आहे. तेथे मंडळांचे गुण समतल करण्याचे सूत्र २०२५ मध्ये ऐनवेळी बदलल्याने उच्च न्यायालयाने ती क्रमवारी रद्द केली. मिश्र पद्धतीत सूत्र आधी जाहीर असणे किती आवश्यक आहे, हा त्यातील धडा. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाच रद्द केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. तो मार्ग महाराष्ट्राला झेपणारा नाही, कारण येथे मंडळाच्या गुणांची स्थिती वर पाहिलीच आहे. सर्वस्वी परीक्षेवर विसंबण्याचे धोके नीटच्या २०२४ च्या निकालाने दाखवले. पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. सुधारित निकालात ते १७ उरले.

इंग्लंडने २०२० मध्ये परीक्षा न घेता गणिती सूत्राने गुण ठरवले, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के खाली आल्या आणि शासनाला ते सूत्र मागे घ्यावे लागले. तेथे लोक रस्त्यावर आले ते एका कारणाने : शाळेच्या पूर्वीच्या निकालावरून विद्यार्थ्याची आजची लायकी ठरवली गेली होती. महाराष्ट्रात शिकवणीला भरलेल्या रकमेवरून ती बऱ्याच अंशी ठरते आणि कोणी रस्त्यावर येत नाही.

बारावीला निम्मा वाटा परत द्यायचा तर मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत वरच्या थरासाठी काही प्रश्न असावे लागतील, अंतर्गत गुणांची नमुना-तपासणी बाहेरच्या परीक्षकांकडून व्हावी लागेल आणि समतल करण्याचे सूत्र अकरावीच्या आरंभीच जाहीर करावे लागेल. हे काम खर्चिक आहे, वेळखाऊ आहे आणि त्याचे श्रेय कोणा मंत्र्याला मिळण्यासारखे नाही. नवी परीक्षा जाहीर करणे त्यामानाने सोपे.

दरम्यान, विज्ञान महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी एक गोष्ट घडते, वसईत आणि डहाणूतही. बी.एस्सी.चे प्रवेश बारावीच्या निकालापाठोपाठ होतात आणि अध्यापन सुरू होते. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत फेऱ्या पुढे कित्येक आठवडे चालू राहतात. प्रत्येक फेरीनंतर दोन-चार विद्यार्थी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन येतात. रिक्त झालेली जागा मागाहून भरली जात नाही, कारण गुणवत्ता यादीत ज्यांचे नाव थोडक्यात हुकले ते केव्हाच वाणिज्य शाखेत अथवा कामाला गेलेले असतात. प्रयोगशाळेतील गट पुन्हा लावले जातात, हजेरीपटावरील नावांवर रेघ ओढली जाते आणि सप्टेंबरात अध्यापक उरलेल्यांना घेऊन पुढचा पाठ सुरू करतो.